बोटभर आऊट

शिरपूरच्या आमच्या अध्यापक विद्यालयात फळा आला
थर्माकोलसकट.
बाविस्कर सरांनी थर्माकोल जपून ठेवला,
शैक्षणिक साहित्याच्या तासाला कामी येईल म्हणून.
रिमोटवरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढू दिलेलं नाही.

मग एका मंगळवारी म्हणाले,
भाविका, तू ये. तुझे वडील मिस्त्री ना?

मी पेन टेकवलं.
रेघ उमटली बोटभर डावीकडे.
पुन्हा टेकवलं, पुन्हा डावीकडे.
फळ्याच्या आत कुणी दुसरीच बसलेली,
माझा हात धरून हळूच बाजूला नेणारी.
'आ' काढला तर त्याचा काना
शेजारच्या चौकटीत जाऊन उभा राहिला.
मागच्या बाकावरून भटू ओरडला,
"तुना फळा पियेल शे वं!"
वर्ग हसला, सरही हसले,
मग चष्मा पुसून माहितीपुस्तक उघडलं
आणि मिटलं. ते चिनीत होतं.

करवंद नाक्यावर आप्पांचं सायकलचं दुकान.
सायकल उलटी करून ते चाक फिरवत ठेवतात
आणि रिमपाशी खडू धरतात, हात न हलवता.
चाक जिथे वाकडं तिथेच खडू लागतो.
मग त्या जागचा एक आरा आवळायचा, समोरचा सैल करायचा,
पाव आटा, फार तर अर्धा.
"आऊट चाकमा ऱ्हास," म्हणतात,
"रस्तामा नही."
रस्त्याला शिव्या देत आलेलं गिऱ्हाईक
गप्प बसून बघत राहतं.

तसंच शोधत गेले मी, एकेक बटण.
खोल कुठेतरी नऊ फुल्या निघाल्या.
एकेकीच्या मध्यावर पेन, दोन सेकंद.
वरच्या ओळीला हात पुरेना, स्टूल घेतलं.
स्टूल भटूने धरलं, हे सांगायला हवं.
नववी फुली विझली
आणि शाई पेनाखालीच उमटली.
तेवढ्यात कुणी पंखा लावला. छताचा प्रोजेक्टर हलला,
पुन्हा पहिल्यापासून.

मार्चमध्ये सराव पाठ, डोंगराकडच्या पाड्यावर.
शाळेला कुणी तसाच फळा दिलेला,
त्यावर लाल कापड, कोपऱ्यात वाळलेलं कुंकू.
पंखा बंद ठेवला मी. एव्हाना शहाणी झाले होते.
बाहेर बेचाळीस, आत बत्तीस पोरं,
दुसरीचा वर्ग, चित्र पाहून शब्द सांगा.
पहिलं चित्र आलं, कडा अगदी रेखीव.
हे काय आहे?
कुणी बोलेना.
दुसरं. तिसरं.
मला वाटलं स्पीकर लागला नाही.
मी आवाज वाढवला.

आणि कौलांतून एक पाल उतरली फळ्यावर.
ती चालेल तिथे निळी जाड रेघ,
वळली की रेघ वळायची,
थांबली की ठिपका.
अख्खा वर्ग उठून उभा!
बत्तीस तोंडांतून एकच शब्द,
मला न कळलेला.

पुन्हा सांग, म्हटलं पुढच्या पोराला. रेलसिंग त्याचं नाव.
त्याने सांगितला. मी फळ्यावर लिहिला, मोठ्याने वाचला.
त्याने मान हलवली, नाही.
पुसून परत लिहिला. नाही.
एक मुलगी उठून आली, माझ्या ओठांकडे बोट करून
सावकाश म्हणाली, तोंड मोठं उघडून,
आपण बाळाला शिकवतो तसं.
पाव आटा इकडे. अर्धा आटा तिकडे.
चौथ्यांदा की पाचव्यांदा
ती नुसती हसली, आणि जागेवर जाऊन बसली.

मग लाईट गेली.
रेघ गेली, शब्द गेला,
पाल तेवढी होती तिथेच, पांढऱ्या फळ्यावर,
पोट हलत होतं तिचं.

निरीक्षण वहीत शेरा:
तंत्रज्ञानाचा वापर समाधानकारक. घटक अपूर्ण.

तो शब्द इथे लिहीत नाही.
घरी येईपर्यंत माझ्या तोंडात
तो पुन्हा थोडा डावीकडे सरकला होता.